शेणाला पाय नसतात

“ज्याच्या दावणीला दहा गायी आहेत, त्याच्या दारात खताचा कारखाना आहे. तो शेण वाया घालवत असेल तर तो आळस आहे. आळसाला अनुदान द्यायचं नसतं, दंड करायचा असतो.” मागच्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका कार्यशाळेत व्यासपीठावरून हे ऐकलं. टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत माझ्यासारखे गोठेवालेही होते, याचं मला जास्त वाईट वाटलं. बोलणारे गृहस्थ अभ्यासू आहेत, शेतीवर मनापासून प्रेम करणारे आहेत. पण शेण म्हणजे सोनं, ते सांभाळणं आपोआप परवडतं आणि ज्याला परवडत नाही तो कामचुकार, अशी जी साखळी त्यांनी मांडली तिची एकेक कडी कच्ची आहे. उद्या याच साखळीवर नियम बेतले गेले तर लहान गोठे मोडतील आणि नाले आजच्यासारखेच वाहत राहतील. म्हणून गप्प बसवत नाही.

आळसापासूनच सुरुवात करतो. आमच्या घरी आठ गायी आहेत, सगळ्या संकरित. पहाटे पाचला वहिनी खराटा आणि फावडं घेऊन गोठ्यात शिरतात. एक गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते, म्हणजे आठ गायींचं दीडशे किलोच्या आसपास. ते घमेल्यात भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि साठ-सत्तर पावलांवरच्या उकिरड्यात नेऊन टाकायचं. ओल्या शेणानं भरलेलं घमेलं वीस किलोला कमी नसतं. पावसाळ्यात त्याच वाटेवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. हे सगळं धारा काढायच्या आधी उरकायचं, कारण साडेसहाला दुधाची गाडी फाट्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. वहिनींच्या या तासाभराची मजुरी दुधाच्या कुठल्याही हिशेबात धरलेली मी आजवर पाहिली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाचे भाव इतके खाली आले होते की राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. पेंडीचं बिल भागवताना दमछाक होते त्या घरात पहाटे पाचला उठून शेण उचलणाऱ्या बाईच्या कामाला आळस म्हणणं हा अन्याय आहे.

आता सोन्याचा हिशेब. ताज्या शेणात शंभरातले ऐंशी भाग पाणी असतं. ते कुजून तयार झालेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, पालाश तेवढंच आणि स्फुरद त्याहून कमी. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ २१ किलो. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टनांहून जास्त खत लागतं. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. ती मोटारसायकलवर पुढ्यात ठेवून घरी आणता येते आणि एकटा माणूस सकाळच्या न्याहारीआधी ती फेकून मोकळा होतो. चार टन शेणखताला ट्रॅक्टर लागतो, ट्रॉली लागते, भरायला चार माणसं, रानात ढीग घालून ते विस्कटायला आणखी दोन. खताची किंमत शून्य धरली तरी नुसतं भाडं आणि मजुरी गोणीच्या कित्येक पट होते. त्यातही शेणखतातल्या नत्राचा साधारण तिसरा हिस्साच पहिल्या हंगामात पिकाच्या कामी येतो. उरलेला सावकाश, पुढच्या हंगामांत.

यावर मला सांगितलं जाईल की शेणखताची तुलना युरियाशी करायचीच नसते. खरं आहे. शेणखतानं जमिनीत सेंद्रिय कर्ब येतो, माती भुसभुशीत राहते, ओल टिकते. आमच्या भागातले डाळिंबवाले आणि नाशिककडचे द्राक्षवाले ट्रॉलीला हजारांत पैसे मोजतात ते याचसाठी. पण हा फायदा जमिनीला पाच-दहा वर्षांत पोचतो आणि खर्च या हंगामात करावा लागतो. स्वतःची बाग असणाऱ्याला तो दम धरता येतो. जो दुसऱ्याची जमीन खंडानं किंवा बटाईनं करतो, पुढच्या वर्षी ती आपल्याकडे असेल की नाही हेच ज्याला माहीत नाही, तो त्या जमिनीत दहा वर्षांचा कर्ब कशाला भरेल? त्यानं गोणी आणली तर मी त्याला दोष देणार नाही.

शिवाय गोणी २६६ रुपयांत मिळते कारण तिच्या खऱ्या किमतीतला मोठा वाटा सरकार भरतं. २०२२-२३ या एका वर्षात केंद्राचा रासायनिक खतांच्या अनुदानावरचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. त्याच्यासमोर सेंद्रिय बाजू ठेवून पाहा. जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गोबरधन योजनेखालच्या प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये साहाय्य मंजूर केलं. त्यासाठी तीन वर्षांची मिळून तरतूद होती १,४५१ कोटी. एकीकडे एका वर्षाचा रुपया, तर दुसरीकडे तीन वर्षांचा मिळून अर्धा पैसा. तो अर्धा पैसाही प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या खताला. माझ्या उकिरड्यातल्या खताला, म्हणजे या देशातलं बहुतेक शेण जिथे जातं त्या खताला, काहीच नाही. युरियाचं अनुदान बंद करा असं मी म्हणत नाही. मीही तो वापरतो, उसाला आणि मक्याला वापरावाच लागतो. पण एका पारड्यात एवढं वजन टाकून ठेवल्यावर दुसरं पारडं वर गेलं तर त्याचा दोष पारड्यात बसलेल्याला देऊ नका. शेणाला अनुदान नको म्हणणाऱ्यानं शेणाच्या स्पर्धकाला किती मिळतं तेही त्याच व्यासपीठावरून सांगायला हवं होतं.

शेणाचा सगळा पैसा वाहून नेण्यात जातो हे आपल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. दिवाळीनंतर रानं मोकळी होऊ लागली की धनगरांचे वाडे येतात. आमचे आजोबा वाड्यातल्या म्होरक्याला आठवडाभर आधी निरोप धाडायचे. ठरल्या रात्री मेंढरं रानात बसवायची. खुंट्या ठोकून वाघर ताणायची, तिच्या आत दोन-तीनशे मेंढरं, एका कोपऱ्यात कुत्री, बाहेर शेकोटी. सकाळी वाघर काढली की मोकळ्या काळ्या जमिनीवर लेंड्यांचा दाट थर आणि मुताचा उग्र दर्प. दुसऱ्या रात्री वाघर वीस-पंचवीस पावलं पुढं सरकायची. असं करत चार रात्रींत अख्खं वावर खतवलं जायचं. त्याबद्दल धनगराला ज्वारी-बाजरी मिळायची, आता रोख पैसे मिळतात. या व्यवहारात फावडं नाही, ट्रॉली नाही. मूतही थेट मातीत मुरतं, उकिरड्यातून उडून जात नाही. खत स्वतःच्या पायांनी चालत येतं, म्हणून शेतकऱ्याला त्याचे पैसे देणं परवडतं. दावणीला बांधलेल्या गायीच्या शेणाला पाय नसतात. ते हलवायचं तर दर किलोमीटरला पैसे पडतात आणि काही किलोमीटरांनंतर ते पैसे खताच्या किमतीच्या पुढे जातात.

“मग गॅस करा,” हा त्याच भाषणातला पुढचा सल्ला. घरगुती गोबरगॅसबद्दल माझं दुमत नाही. आमच्याकडे दोन घनमीटरचा आहे. रोज पन्नास किलो शेण, म्हणजे तीन गायींचं, त्यात जातं आणि दोन वेळचा स्वयंपाक होतो. मागे उरणारी मळी थेट मक्याच्या पाटात सोडतो. पण भाषणात घरच्या चुलीचा विषय नव्हता. मोठा प्रकल्प काढा, गाड्यांना गॅस विका, गावाला उत्पन्न मिळेल, असं ते सांगत होते. त्याचा हिशेब गुजरातेत उघड्यावर आहे. बनासकांठा जिल्ह्यात डीसाजवळ दामा इथे बनास डेअरीचा प्रकल्प आहे. रोज ४० टन शेणातून सुमारे २,००० घनमीटर गॅस आणि तो शुद्ध करून, दाबून ८०० किलो इंधन. टनाला वीस किलो झाले. केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ मध्ये आली तेव्हा तेल कंपन्यांनी अशा गॅसला किलोला ४६ रुपये भाव देऊ केला होता. म्हणजे टनभर शेणातल्या गॅसचे ९२० रुपये. शेतकऱ्याला शेणाचा किलोला एक रुपया द्यायचा म्हटला तर टनाचे हजार होतात. यंत्र, वीज, माणसं, कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही, आणि गॅसचा पैसा शेणाच्या किमतीतच संपला. छत्तीसगडनं २०२० मध्ये गोधन न्याय योजनेत किलोला दोन रुपये दिले. तो भाव गॅसमधून निघणं अशक्यच होतं. पुढे गॅसचे भाव वाढवून मिळाले, तरी प्रकल्प जगतो की मरतो हे शेवटी मागे उरलेलं खत विकलं जातं की नाही यावर ठरतं. ते खत पुन्हा २६६ रुपयांच्या गोणीसमोर उभं राहतं.

बनासला जमतं त्याला कारणं आहेत. रोज दूध गोळा करणारी त्यांची यंत्रणा गावोगाव आधीच फिरते आहे, शेण देणारे त्यांचेच सभासद आहेत, गॅसचा पंप त्यांचा स्वतःचा आहे. त्या मंडळींचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ज्या तालुक्यात यातलं काहीच नाही, तिथे नुसता प्रकल्प उभारून काय होणार? ‘सतत’ योजनेचं उद्दिष्ट पाच हजार प्रकल्पांचं होतं. मुदत सरली तेव्हा चालू झालेले शंभराच्याही आत होते. त्यात पैसा घालायला तयार असलेले उद्योजक होते, तेल कंपन्या होत्या, बँका होत्या. त्या सगळ्यांना आळशी म्हणायचं का?

इथवर वाचून कुणाला वाटेल की मला नियमच नको आहेत. तसं अजिबात नाही. माझ्या चुलत काकांची विहीर ओढ्याच्या काठी आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी ऐंशी गायींचा गोठा झाला, जेमतेम दीड एकरात. सकाळ-संध्याकाळ जाड पाइपनं फरशी धुतात आणि शेण, मूत, पाणी सगळं एकत्र ओढ्यात जातं. दुसऱ्या उन्हाळ्यात काकांच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असं मानक आहे. काकांचं पाणी त्याच्या बरंच वर निघालं. घरात तान्हं मूल होतं, त्या दिवसापासून प्यायला जारचं पाणी आलं. काका तक्रार घेऊन एका कार्यालयात गेले. तिथे त्यांना सांगितलं की गोठा हा शेतीत मोडतो, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की सांडपाण्याचा विषय आमचा नाही. चाळीस वर्षं ज्या विहिरीचं पाणी अख्खी वस्ती प्यायली तिच्याकडे काका आता पाहतही नाहीत. ही विहीर वाचली असती असा नियम मला हवा आहे, आणि म्हणूनच दंडाच्या घोषणेनं माझं समाधान होत नाही.

कारण आपले नियम डोकी मोजतात. कुक्कुटपालनात बरीच वर्षं एक लाख पक्ष्यांपर्यंतच्या फार्मना प्रदूषण मंडळाच्या संमतीतून सूट होती. राष्ट्रीय हरित लवादानं २०२० मध्ये ती फेरतपासायला लावली. त्याच वर्षी, लवादाच्याच आदेशानंतर, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ही पावलं चांगलीच आहेत, माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. आमच्या घरचंच उदाहरण घ्या. वर्षाचं शेण कुजून निम्म्यावर येतं आणि हेक्टरी दहा टन खत हे साधारण प्रमाण धरलं तर तीन गायींचं खत अडीच एकरांत बरोबर जिरतं. आठ गायींना सात एकर लागतात. काकांच्या वरच्या अंगाच्या त्या ऐंशी गायींना सत्तर एकर हवेत, आणि त्यांच्याकडे दीड आहे. हेच ऐंशी जनावरांचे धनी सत्तर एकर ऊस लावणारे असते तर त्यांच्याकडून ओढ्याला थेंबभर त्रास झाला नसता, कारण खत त्यांनाच कमी पडलं असतं. डोकी मोजणाऱ्या नियमाला हे दोघे सारखेच दिसतात. उलट एखाद्या वाढत्या शहराच्या कडेला, एकाच नाल्यावर, आठ-आठ म्हशींचे वीस तबेले असतील तर त्यातला एकही त्याच्या नजरेत भरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीची. शेण फावड्यानं उचलता येतं तोवर त्याला खत म्हणून किंमत आहे, ते ट्रॉलीत बसतं. त्यावर पाइप सोडला की वीस किलो शेणाचं शंभर किलो पातळ पाणी होतं. ते ट्रॉलीत बसत नाही, त्याला गिऱ्हाईक नाही. मग ते उताराकडे जातं आणि उतारावर कुणाची तरी विहीर असते. म्हणून गोठ्यासाठी एकच नियम करायचा झाला तर तो असा करावा: आधी खरडून शेण उचला, मग धुवा, आणि धुतलेलं पाणी स्वतःच्या शेतातच जिरवा. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, ग्रामसेवकालाही नाली पाहून कळतं. फलटण भागात आणि इतरत्रही मुक्तसंचार गोठे वाढले त्यात हा फायदा आपसूक मिळाला. गायी मोकळ्या फिरतात, शेण तुडवलं जाऊन मातीत वाळतं, काही महिन्यांनी एकदाच भरून काढायचं, रोजचं धुणं नाही. वहिनींचा पहाटेचा तास वाचवायचा तर आम्हालाही तेच करायचं आहे, जागेची अडचण आहे.

जमिनीच्या हिशेबानं नियम करता येतो का? युरोपात तीस वर्षांहून जास्त काळ तो आहे. १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोंपेक्षा जास्त नत्र जमिनीत घालता येत नाही. नेदरलँड्स महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाही नाही, पण तिथे गायी-डुकरांची गर्दी इतकी की त्यांनी या मर्यादेतून बरीच वर्षं सवलत घेतली, आणि ती टप्प्याटप्प्यानं काढून घ्यायचं २०२२ मध्ये ठरलं. तिथला शेतकरी आपलं जादा खत कुणीतरी घेऊन जावं म्हणून स्वतः पैसे मोजतो. आपल्याकडे जे विकत जातं ते तिथे पैसे देऊन घालवावं लागतं. शेण तेच, फक्त गायींच्या मानानं जमीन कमी. सोनं असतं तर त्याचं असं झालं असतं का? तिथला एक धडा मात्र आपण आधीच गिरवून ठेवावा. २०१७ मध्ये तिथल्या एका दैनिकानं खतवाहतुकीतला मोठा घोटाळा बाहेर काढला. कागदावर ट्रक दूरच्या शेतात जात होते आणि प्रत्यक्षात खत जवळपासच, मर्यादेबाहेर ओतलं जात होतं. विल्हेवाट महाग झाली, तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकला आणि तपासणी कागदांवर सोडली की असंच होणार. “आळसाला दंड करा” म्हणणाऱ्यांनी हा अनुभव जरूर अभ्यासावा. शेण वाहून न्यायला पैसा नाही आणि दंडाची भीती आहे, अशा गोठ्यातलं शेण रात्री ओढ्यात जाईल.

मला हवी असलेली व्यवस्था फार अवघड नाही. ज्याच्याकडे जनावरांच्या मानानं जमीन पुरेशी आहे त्याला, मग त्याच्याकडे आठ गायी असोत की ऐंशी, परवान्यांच्या कटकटीतून मोकळं ठेवा. ज्याच्याकडे जमीन नाही त्यानं आपलं खत कुणाच्या रानात जातं ते दाखवावं. आणि ते तिथवर जाण्याचा खर्च युरियाच्या अनुदानातूनच काढावा, टनामागे आणि किलोमीटरमागे. पैसे खत घेणाऱ्या शेतकऱ्याला द्यावेत, रानात ढीग पडल्यावर. ज्याला आपल्या रानात खत हवंच आहे तो खोटी पावती फाडायला सहसा तयार होत नाही. दूध संघांनाही यात घ्यावं लागेल. प्रत्येक कॅनचं फॅट आणि एसएनएफ ते मोजतात आणि त्यावर पैसे कापतात. गोठ्याची नाली कुठे जाते हे पाहून लिटरमागे काही पैसे कमी-जास्त केले तर एका हंगामात जिल्ह्यातल्या फरशा खरडल्या जातील. त्यानं दूध थोडं महाग होईल. व्हायला हवं. शहरातल्या ग्लासभर दुधात आज काकांच्या विहिरीची किंमत धरलेलीच नाही.

आमच्या घरी एक जुनी वही आहे, तिच्यात भाऊ प्रत्येक ट्रॉलीची नोंद करतो. गेल्या वर्षी नऊ ट्रॉल्या खत निघालं. सहा आमच्याच पाच एकरांत गेल्या, तीन एका डाळिंबवाल्यानं नेल्या, अकरा किलोमीटरवर. त्याच्या पलीकडच्या गावांतूनही फोन येतात. खडकाळ रान आहे, खत हवंच असतं, पण भाड्याचा आकडा ऐकला की “बघतो” म्हणून ठेवून देतात. काकांच्या विहिरीपासून त्या खडकाळ रानांपर्यंत पंचवीस किलोमीटर आहेत. पुढच्या महिन्यात तीच कार्यशाळा शेजारच्या तालुक्यात आहे. मी वही घेऊन जाणार आहे, आणि त्या पंचवीस किलोमीटरचं भाडं कुणी द्यायचं ते उभं राहून विचारणार आहे.